पुनरुत्थानाच्या सणीं आगटीचा शृंगार

ज्युबिलीच्या या स्मरणिकेंत आपल्या देवमंदिराचा व येथें सेवा केलेल्या धर्मगुरूंचा वृत्तांत इतर लेखकांनीं सादर केला आहेच. आम्हीं मात्र एका लहानशा घरगुती रिवाजाचा इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. तो रिवाज आपल्याकडचा नव्हे. तथापि छायाचित्रांच्या रूपानें तो आपल्या घरांत येऊन पोंचला आहे, म्हणून त्याची ओळख करून घेणें अप्रस्तुत होणार नाहीं.

आपल्या धर्मग्रामांतील कित्येक कुटुंबांचे मुलगे व मुली हल्लीं इंग्लंड, कॅनडा, अमेरिका या देशांत नोकरीनिमित्त राहतात. ईस्टरच्या सुमारास त्यांच्याकडून घरचीं छायाचित्रें येतात. त्यांत बैठकीच्या खोलींत भिंतींत बसविलेली आगटी दिसते, आणि तिच्या तोंडावर लांकडाची किंवा संगमरवराची रुंद फळी असते. या फळीस तिकडे मँटल म्हणतात. या मँटलवर पांढरीं लिलीचीं फुलें, पिवळे डॅफोडिल, रंगविलेलीं अंडीं, एखादें पक्ष्याचें घरटें, चिनी मातीचा ससा, आणि क्वचित् एखादा क्रूस अशी मांडणी केलेली असते. हीं चित्रें पाहून आमच्या शेजारच्या एका वयोवृद्ध आजीबाईंनीं आम्हांस विचारलें, "प्रभु उठला तो कबरेंतून, मग फुलें चुलीवर कशाला?"

प्रश्न रास्त होता. आम्हांसहि तोंवर हा सारा दुकानदारांनीं वाढविलेला थाट वाटत होता, आणि आजच्या मांडणींत दुकानदारीचा भाग मोठा आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु शोध घेतां असें आढळून आलें कीं, आजीबाईंच्या प्रश्नास एका इंग्लिश धर्मगुरूनें सहाशें वर्षांपूर्वींच उत्तर देऊन ठेविलें आहे, आणि तेंहि भर प्रवचनांत.

तें उत्तर समजण्यासाठीं त्या काळचें इंग्लिश घर डोळ्यांपुढें आणलें पाहिजे. भिंतींतील आगटी, धुराडें व मँटल हीं त्या वेळीं सामान्य घरांत नव्हतीं. घराचा मुख्य भाग म्हणजे एक उंच छपराचें दालन. त्याच्या जमिनीवर, बहुधा मधोमध, दगडांची सपाट आगटी असे. तेथेंच लांकडें जळत, तिच्याभोंवतीं माणसें जेवत व बसत, आणि धूर वर चढून छपरांतील फटींतून वाट मिळेल तसा बाहेर जाई. वाचकांपैकीं ज्यांनीं जुन्या कुडाच्या घरांत बालपण काढिलें असेल त्यांस हें चित्र परकें वाटणार नाहीं. इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यांत स्टोकसे नांवाचा एक लहानसा गढीवजा वाडा आहे. लॉरेन्स ऑफ लडलो नांवाच्या एका लोंकरीच्या व्यापाऱ्यानें तो तेराव्या शतकाच्या अखेरीस बांधिला. त्याच्या मोठ्या दालनांतील जमिनीवरची आठकोनी आगटी आजहि जागच्या जागीं आहे. या वाड्याकडे आम्ही पुन्हां एकदां वळणार आहों.

याच श्रॉपशायरांत लिलेशॉल येथें ऑगस्टिनियन व्रतस्थांचा मठ होता. तेथील जॉन मर्क नांवाच्या व्रतस्थानें, जो पुढें त्या मठाचा प्रायर झाला, चौदाव्या शतकाच्या अखेरीस प्रवचनांचा एक संग्रह रचिला. त्याचें नांव फेस्टिअल. खेड्यापाड्यांतील पुष्कळ धर्मगुरूंजवळ ग्रंथ नसत, लॅटिन विद्याहि बेताची असे. अशांना वर्षांतील प्रत्येक सणास कांहींतरी सांगतां यावें, एवढाच त्याचा हेतु. म्हणून भाषा साधी, लोकांची, आणि दृष्टांत घरांतले व शेतांतले. हा संग्रह इतका लोकप्रिय झाला कीं, छापण्याची कला इंग्लंडांत आल्यावर कॅक्स्टननें तो १४८३ मध्यें छापिला, आणि १५३२ पर्यंत त्याच्या वीसाहून अधिक आवृत्त्या निघाल्या.

या संग्रहांतील पुनरुत्थानाच्या रविवारचें प्रवचन आगटीपासून सुरू होतें. मर्क लोकांस त्यांच्याच घरांतली एक गोष्ट दाखवितो. आजच्या दिवशीं दालनांतील विस्तव बाहेर काढण्याचा रिवाज आहे. हिंवाळाभर जी आगटी जळत होती व धुरानें काळवंडली होती, ती झाडून साफ करावयाची, तिच्यावर हिरवीं लव्हाळीं अंथरावयाचीं आणि भोंवतीं सुवासिक फुलें पसरावयाचीं. हें सांगून तो वळण घेतो. ज्याप्रमाणें तुम्ही घर आंतून स्वच्छ करितां, त्याप्रमाणें आत्म्याचें घरहि स्वच्छ करा. वासनेचा, क्रोधाचा व मत्सराचा विस्तव बाहेर टाका आणि त्या जागीं सद्गुणांचीं फुलें पसरा, असा त्याचा आशय आहे.

आज हें वाचतांना उपमा गोड वाटते आणि आपण पुढें जातों. परंतु तें प्रवचन ऐकणाऱ्यांची स्थिति ध्यानांत घ्यावी. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेनें प्रत्येक ख्रिस्ती माणसानें वर्षांतून निदान एकदां पापनिवेदन करावें व पास्काच्या काळांत पवित्र कम्युनियन घ्यावें असा नियम केला होता. बहुसंख्य लोक तेवढेंच, म्हणजे वर्षांतून एकदांच, कम्युनियन घेत. चाळीस दिवस त्यांनीं मांस खाल्लेलें नसे. अंडीं व दूध-लोणीहि बहुतेकांस वर्ज्य असे. पापनिवेदन होऊन गेलेलें असे. शेजाऱ्याशीं भांडण असेल तर तें मिटविल्यावांचून कम्युनियनला येऊं नये अशी ताकीद असे. आणि अशा सकाळीं, वर्षांतून एकदां येणाऱ्या त्या पाहुण्याला घरांत घेण्याच्या थोडें आधीं, धर्मगुरु त्यांना घरींच करून आलेल्या कामाची आठवण देई. ज्या बाईनें सकाळीं राख भरून बाहेर टाकिली होती, तिच्या नखांत ती काजळी अजून असेल. तिला उपमा समजावून सांगण्याची गरजच नव्हती.

मर्कनें याला व्याकरणाचीहि जोड दिली आहे, आणि तेथें मात्र त्याचा पाय घसरला आहे. त्या वेळच्या इंग्लिशांत आगटीला आस्टिर असा एक शब्द होता, तो फ्रेंचांतून आलेला. पुनरुत्थानाच्या सणाचें नांवहि त्याच्या भागांत जवळजवळ तसेंच उच्चारलें जाई. तेव्हां, मेणबत्त्यांवरून कँडलमास आणि झावळ्यांवरून पाम संडे, तसा आस्टिरवरून ईस्टर, असें तो सांगून मोकळा झाला. हें खरें नव्हे. आठव्या शतकांतील पूज्य बीड यानें ७२५ च्या सुमाराच्या आपल्या कालगणनेच्या ग्रंथांत हें नांव एका वसंत-महिन्याच्या नांवावरून, आणि तें एका प्राचीन देवतेवरून आलें असें लिहिलें आहे. त्यावरहि विद्वानांचे वाद आहेत. बहुतेक ख्रिस्ती जगानें तो शब्द घेतलाच नाहीं. इब्री पेसहवरून ग्रीक व लॅटिन पास्का, त्यावरून पोर्तुगीज पाश्कोआ, आणि आपल्या मिस्सेंतील पास्काची मेणबत्ती, ही परंपरा सरळ आहे. तरीसुद्धां आम्हांस मर्कची चूक क्षम्य वाटते. शब्दाची व्युत्पत्ति चुकली. परंतु घरोघरीं काय चाललें होतें याची साक्ष त्या चुकीमुळेंच आपल्या हातीं लागली. शुद्ध व्युत्पत्ति सांगणाऱ्या पंडितांनीं चुलीकडे पाहिलेंच नसतें.

हें सर्व आम्हीं आजीबाईंना सांगितलें तेव्हां त्यांनीं एवढेंच विचारलें, "विस्तव बाहेर काढला, तर सणाचा स्वयंपाक त्या बायांनीं कोठें केला?" पुस्तकें चाळणाऱ्या आम्हांस हा प्रश्न सुचला नव्हता, हें कबूल करणें भाग आहे. श्रीमंतांच्या वाड्यांत व मठांत स्वयंपाकघर निराळें असे. तेथें दालनांतील आगटी विझविली तरी जेवण अडत नसे. एकाच दालनाच्या गरीब घरांत मात्र तीच आगटी व तीच चूल. शिवाय ईस्टर हा २२ मार्चपासून २५ एप्रिलपर्यंत केव्हांहि येतो, आणि मार्चअखेरीस श्रॉपशायरांत कडाक्याची थंडी असूं शकते. मर्कनें हा रिवाज सर्वत्र असल्यासारखा सांगितला आहे. आमच्या मतें तो ज्यांना परवडे त्यांच्या घरचा असावा, आणि बाकीच्यांनीं राख काढून, आगटी झाडून, विस्तव एका कोपऱ्यास सारून भागविलें असावें. प्रवचनकारास एवढी सूट आपण देऊं या.

याच सणाचा दुसराहि एक विस्तव आहे, आणि तो उलट दिशेनें प्रवास करितो. पवित्र शनिवारीं देवमंदिरांतील सर्व दिवे मालवून गारगोटीपासून नवा अग्नि काढावयाचा, त्याला आशीर्वाद द्यावयाचा व त्यावर पास्काची मेणबत्ती पेटवावयाची, हा विधि फार जुना आहे. नवव्या शतकांतील पोप चौथे लिओ यांच्या नांवें चालत आलेल्या धर्मगुरूंसाठींच्या उपदेशांत, त्या दिवशीं जुना अग्नि विझवून नवा आशीर्वादित करावा व तो लोकांस वांटावा, अशी आज्ञा आहे. युरोपांत अनेक ठिकाणीं लोक घरचा विस्तव आधींच विझवून ठेवीत आणि देवळांतला नवा विस्तव घरीं नेऊन चूल पेटवीत. म्हणजे एका रिवाजांत चूल पेटते, दुसऱ्यांत ती फुलांनीं झांकली जाते. दोहोंत समान तें एकच: जुना विस्तव घरांत राहूं द्यावयाचा नाहीं.

आतां मँटलकडे वळूं. भिंतींतील आगटी प्रथम गढ्या व मठ यांत आली. धूर धरण्यासाठीं तिच्यावर जें पुढें आलेलें दगडी वा लांकडी आच्छादन असे त्याला मँटल हें नांव पडलें. मूळ शब्दाचा अर्थ झगा किंवा अंगरखा. सामान्य घरांत धुराडीं पसरलीं तीं सोळाव्या शतकांत. एसेक्समधील रॅडविंटर या गांवच्या विल्यम हॅरिसन नांवाच्या पाद्र्यानें १५७७ मध्यें प्रथम प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्लंडवर्णनांत लिहिलें आहे कीं, गांवांतील म्हातारे आपल्या हयातींत झालेले जे मोठे पालट सांगत, त्यांत नवीन उभीं राहिलेलीं असंख्य धुराडीं हा एक होता. त्यांच्या तरुणपणीं बहुतेक खेड्यांत दोन-तीनहि नव्हतीं. गंमत अशी कीं, धूर होता तोंवर माणसें धडधाकट होतीं आणि धुराडीं आल्यापासून पडशीं वाढलीं, अशीहि तक्रार तो नोंदवितो. नव्या सोयीवर जुन्या पिढीचा राग सर्व देशांत सारखाच.

आगट्या इतक्या वाढल्या कीं, १६६२ मध्यें राजानें त्यांवर कर बसविला. दर आगटीस सालीना दोन शिलिंग. अगदीं गरिबांस माफी. आगट्या मोजावयास लोक घरांत शिरूं लागले म्हणून हा कर फार अप्रिय झाला आणि १६८९ मध्यें उठविला गेला. याच काळांत भिंतींतील आगटी ही घराच्या प्रतिष्ठेची जागा बनली. स्टोकसेच्या वाड्यांत हा पालट एका छपराखालीं पाहावयास मिळतो. खालच्या दालनांत जमिनीवरची ती ओबडधोबड आठकोनी आगटी. आणि मालकाच्या खासगी खोलींत सतराव्या शतकांतील, आगटीपासून वरपर्यंत गेलेलें कोरीव लांकडी मँटल, जें एके काळीं रंगविलेलेंहि होतें. पहिलीभोंवतीं धनी व चाकर एकत्र बसत. दुसरीपुढें धनी आपल्या कुटुंबासह बसे, आणि चाकर लांकडें आणून टाकून बाहेर जाई.

तोंवर धर्माचीहि उलथापालथ होऊन गेली होती. लिलेशॉलचा मठ १५३८ मध्यें राजाज्ञेनें बंद झाला. १५४८ मध्यें राजमंडळानें कँडलमासच्या मेणबत्त्या, बुधवारची राख व रविवारच्या झावळ्या बंद केल्या. १५४९ च्या नव्या प्रार्थनापुस्तकांत नव्या अग्नीचा व पास्काच्या मेणबत्तीचा विधि राहिला नाहीं. राणी मेरीच्या कारकीर्दींत पांच वर्षें हे विधि परत आले आणि पुन्हां गेले. मर्कचीं प्रवचनें छापणें तर १५३२ नंतरच थांबलें होतें. झाडून फुलें पसरण्याची संवय मात्र सहजासहजीं जाईना. जॉर्ज हर्बर्ट या अँग्लिकन पाद्र्याचें ग्रामधर्मगुरूविषयींचें पुस्तक १६५२ मध्यें, त्याच्या मृत्यूनंतर, निघालें. त्यांत देऊळ स्वच्छ झाडलेलें असावें आणि मोठ्या सणांस तेथें डहाळ्या लावून सुगंध करावा असें त्यानें सांगितलें आहे. ग्रासमिअर गांवीं तर देवळाच्या मातीच्या जमिनीवर अंथरण्यासाठीं लव्हाळीं मिरवीत नेण्याची चाल होती; जमिनीवर फरशी आल्यावर लव्हाळ्यांची गरज उरली नाहीं, तरी मिरवणूक दरवर्षीं निघते.

घरांतील आगटीची गोष्ट तशीच झाली. अठराव्या शतकांत उन्हाळ्यांत रिकाम्या पडलेल्या आगटीच्या तोंडावर चित्रें काढलेल्या फळ्या लावीत किंवा आंत फुलांच्या कुंड्या ठेवीत. एका उंच निळ्या घंटाफुलाच्या झाडास तर याच उपयोगावरून इंग्रजींत धुराड्याचें घंटाफूल असें नांव पडलें आहे. म्हणजे काळी जागा फुलांनीं झांकण्याचा रिवाज राहिला. परंतु तो ऋतूचा झाला, सणाचा राहिला नाहीं. ती काळी जागा झांकतांना स्वतःच्या आंत पाहा असें सांगणारें कोणी उरलें नव्हतें.

बाकीची सजावट तिकडे कशी जमली तें थोडक्यांत सांगतों. अंडीं जुनींच आहेत. उपवासकाळांत तीं खात नसत, कोंबड्या मात्र घालीत; म्हणून ईस्टरला त्यांची रेलचेल. राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० च्या जमाखर्चांत ४५० अंडीं १८ पेन्सांस घेतल्याची नोंद आहे. तीं सोनेरी व रंगीत करून वांटावयाचीं होतीं. अंडीं आणणाऱ्या सशाचा उल्लेख १६८२ मधील एका जर्मन वैद्याच्या लॅटिन निबंधांत येतो, आणि जर्मन वसाहतवाल्यांबरोबर तो ससा अमेरिकेस गेला. चॉकलेटचें पोकळ अंडें ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीनें १८७३ मध्यें काढिलें. आणि जिला सर्वजण ईस्टर लिली म्हणतात तें फूल मूळचें जपानच्या र्यूक्यू बेटांतलें. तें अमेरिकेंत ईस्टरचें फूल झालें तें एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं. मर्कच्या काळच्या बायकांजवळ यांपैकीं अंड्यांवांचून कांहींच नव्हतें. त्यांची फुलें म्हणजे रानांतला पिवळा डॅफोडिल, ज्याला तिकडे लेंट लिली, म्हणजे उपवासकाळाची लिली, असेंहि म्हणतात. शिवाय प्रिमरोझ, व्हायोलेट, आणि ओढ्याकांठचीं लव्हाळीं.

एक योगायोग आमच्या नजरेस आला, तो नमूद करावासा वाटतो. नव्या अग्नीचा विधि पुढें पुढें पवित्र शनिवारीं सकाळींच उरकला जाऊं लागला होता. उजेडांत तो अग्नि कोणास धड दिसतहि नसे, हें आपल्यांतील सर्वांत वृद्ध मंडळींस आठवत असेल. पोप बारावे पायस यांनीं १९५१ मध्यें प्रयोगादाखल तो रात्रीं करण्यास परवानगी दिली, आणि १९५५ च्या आज्ञापत्रानें १९५६ पासून तो सर्व लॅटिन ख्रिस्तसभेंत रात्रींचाच केला. त्याच १९५६ सालीं इंग्लंडांत हवा शुद्ध राखण्याचा कायदा झाला. १९५२ च्या डिसेंबरांत लंडनवर विषारी धुकें पसरून हजारों माणसें मेलीं होतीं, त्याचा तो परिणाम. या कायद्यानें शहरोशहरीं धुराचा कोळसा जाळण्यास बंदी येत गेली आणि घरांतील आगट्या थंड पडल्या. एकाच वर्षीं विस्तव घरांतून निघाला आणि देवळाच्या दारांत रात्रीं पुन्हां पेटला. या दोन गोष्टींचा परस्परांशीं संबंध नाहीं, हें आम्ही जाणतों.

म्हणून आज छायाचित्रांतील बहुतेक आगट्या बाराहि महिने विझलेल्याच असतात. मर्कचा अर्धा रिवाज त्यांनीं न मागतां पाळला आहे. आपल्या घरांत मँटल नाहीं, आणि सारवलेली चूलहि आतां थोड्याच घरीं उरली आहे. गॅसच्या शेगडींत राख उरत नाहीं, मग काढणार काय? तरी सणाच्या आधींच्या आठवड्यांत आपल्या बायका सर्व घर झाडतात, घरच्या वेदीवरील कोमेजलेली माळ उतरवितात आणि पवित्र शनिवारीं ताजीं फुलें ठेवितात. परदेशीं गेलेल्या मुलींनीं मँटलवर तेंच केलें, तर आईकडून शिकलेलें काम त्यांनीं मिळेल त्या फळीवर केलें, असें आम्ही समजतों. आजीबाईंना हें पटलें. ससा मात्र पटला नाहीं.

त्या शनिवारीं रात्रीं देवळाच्या पटांगणांत विस्तव पेटतो, दिवे मालवलेले असतात, आणि पास्काच्या मेणबत्तीवरून एकाची ज्योत दुसऱ्याला लागत सर्व देऊळ उजळतें. मिस्सा संपल्यावर कांहीं मुलें आपली मेणबत्ती पेटती ठेवून घरच्या वेदीपर्यंत नेण्याची शर्यत लावितात. एक हात ज्योतीपुढें धरून तीं हळूहळू चालतात, मोठीं माणसें उशीर झाला म्हणून ओरडत असतात, आणि बहुतेकांची मेणबत्ती बांधावरच्या वाऱ्यानें वाटेंतच विझते. मग तीं मागें फिरून, ज्याची अजून जळत आहे त्याच्याकडून ती पुन्हां लावून घेतात.